एकशृंग की शशशृंग?

संशयी : शशशृंग, वंध्यापुत्र आणि खपुष्प ही असत् वस्तूंची उदाहरणे आपल्या नैयायिकांनी इतकी झिजवून ठेवली आहेत की त्यांत नव्याची भर घालण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही, परंतु ज्या ‘युनिकॉर्न’ संगणकाचे तुम्ही मघापासून कौतुक चालविले आहे, त्याचे नाव त्या यादीत खुशाल घालावे असे मला वाटू लागले आहे. एकशिंगी घोडा चित्रात सर्वांनी पाहिलेला असतो आणि तबेल्यात कोणाच्याच नसतो. वृत्तान्त तरी केवढा? केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो नावाचे घरगुती यंत्र काढले. १९८४-८५ साली आपल्या सरकारने शाळांतून संगणकसाक्षरतेची ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली व तिच्यासाठी तेच यंत्र पसंत केले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कारखान्याने एकॉर्नच्याच आराखड्यावर त्याची देशी आवृत्ती ‘एससीएल युनिकॉर्न’ म्हणून काढली. ती थोडी निघाली, थोडी वाटली गेली आणि मग कोणाला फारशी कळायच्या आतच नाहीशी झाली. एवढ्या अल्पायुषी नकलेला इतिहासात जागा द्यावयाची, तर उद्या सरकारी वखारीत पडलेल्या प्रत्येक टंकलेखनयंत्राचे चरित्र लिहावे लागेल.

अनुरागी : वृत्तान्त तुम्ही बरोबर सांगितलात, पण जमाखर्चाच्या वहीचे एकच पान वाचून दाखविलेत. ते यंत्र मुळात एका लोकशिक्षणाच्या मोहिमेचे अपत्य होते. सामान्य माणसाला संगणक शिकवावा म्हणून बीबीसीने दूरचित्रवाणीवर पाठमाला आखली, पाठ पाहणाऱ्याच्या हाताशी एक यंत्र असावे अशी कल्पना निघाली, आणि असली बारा हजार यंत्रे खपतील असा अंदाज बांधून जे काम सुरू झाले ते पंधरा लाखांच्या घरात जाऊन थांबले. आता त्याचे अंतरंग पाहा. स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे आज दूरध्वनीवर आलेल्या एका गुलाबाच्या चित्रालाही न पुरणारी; प्रोसेसर ६५०२, सेकंदाला वीस लाख ठोके टाकणारा. पण कळ दाबली की दुसऱ्याच क्षणी पडद्यावर ‘बेसिक’ भाषा हात जोडून उभी राहत असे. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये कारभारी, दुभाषी वा हुजऱ्या कोणी नसे. मागच्या आणि खालच्या अंगाला अशी द्वारे ठेवलेली होती की त्यांतून तापमापक, दिवे, मोटारी जोडून शाळेतला मुलगा यंत्राला खोलीबाहेरचे जग दाखवू शके. अक्षरसुद्धा आपले आपण घडविता येई: आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके, आणि त्या आठ ओळींचे आठ आकडे यंत्राला सांगितले की नवे अक्षर तयार. देवनागरी अक्षर काढायला बसलो तर पहिला आकडा बहुधा २५५ येई, कारण शिरोरेषेतले आठही ठिपके उजळायचे असतात. शिरोरेषेला एक आकडा आहे, ही गोष्ट ज्या मुलाला बाराव्या वर्षी कळली त्याचे लिपीकडे पाहण्याचे डोळेच पालटले असतील, असे मला वाटते.

संशयी : आणि उरलेल्या सात ओळींत ‘ज्ञ’ कसा बसवायचा, वर वेलांटी कोठे द्यायची आणि खाली रुकार कोठे लोंबवायचा, हे त्याला कितव्या वर्षी कळले? नव्या अक्षरांसाठी त्या यंत्रात सहजासहजी मिळणारी घरे होती ३२. आपली बाराखडी त्यांत मांडायची म्हणजे चाळीतल्या एका खोलीत लग्न काढण्यासारखे. यंत्र इंग्रजांनी इंग्रज मुलांसाठी घडविले होते, आणि दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा अंगात घालून आपण आरशात पाहत होतो. पण ते जाऊ द्या, माझा आक्षेप याहून साधा आहे. मी ज्या शाळेत काही वर्षे शिकविले तेथे ही यंत्रे आली, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली मुक्रर झाली, खिडक्यांना पडदे लागले, शिंप्याकडून यंत्रांना अभ्रे शिवून आणले, आणि मुलांनी पादत्राणे बाहेर काढून आत यावे असा हुकूम निघाला. आठवड्यातून एकदा गाभाऱ्यात जावे तशी मुले आत जात, गुरुजी एक पाठ चालवून दाखवीत, मुले हात बांधून पाहत आणि घंटा झाली की चपला शोधीत बाहेर येत. यंत्राची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. डिस्कचा खटका बिघडला तर अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर स्मरणपत्र. तोवर शैक्षणिक वर्ष संपलेले. बारा हजारांच्या आसपास यंत्रे देशभर वाटली गेली, दशक संपेपर्यंत २,५९८ शाळा योजनेत आल्या, आणि आठव्या पंचवार्षिक योजनेत पाहतो तो सगळे आयबीएमच्या धर्तीच्या यंत्रांकडे वळलेले. ज्या गावात आपण बोलत बसलो आहोत त्या गावाचेच उदाहरण घ्या. भाऊसाहेबांचा तोफखाना उत्तम होता, गारद्यांची कवायत उत्तम होती. तुटली ती रसद. तुमच्या एकशृंगाचेही पानिपतच झाले, दुसरे काय!

अनुरागी : हा शब्द निदान येथे तरी वापरू नका. नोकरीच्या निमित्ताने या गावात राहायला आल्यापासून मला आपल्या मराठी वाक्प्रचाराची थोडी लाजच वाटू लागली आहे; कोणी परीक्षेत नापास झाला की ‘पानिपत’, निवडणुकीत आपटला की ‘पानिपत’, जणू १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर येथे कोणी चूल पेटविलीच नाही. अहो, हे विणकरांचे गाव आहे. बू अली शाह कलंदराचा दर्गा येथे आहे, उर्दू कवी हाली येथले, आणि सकाळी कोणत्याही गल्लीत जा, मागांची खटखट ऐकल्यावाचून पुढे जाता येत नाही. सोलापूरची चादर तुम्ही पांघरली असेल. तिच्यावरचे मोर आणि वेली ज्या जकार्डाच्या करामतीने उठतात तीच करामत येथेही आहे. पुठ्ठ्याच्या पानांवर भोके पाडलेली, जेथे भोक तेथे धागा उचलायचा, जेथे नाही तेथे नाही: हो किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समधल्या जकार्डाने १८०४ साली ही युक्ती सिद्ध केली, इंग्लंडात बॅबेजने तीच पाने आपल्या गणकयंत्रासाठी घ्यावयाची ठरविली, आणि तेथून संगणकाची कुळी सुरू होते. विणकर चौकटीच्या कागदावर घरे भरून नक्शा काढतो, आणि युनिकॉर्नवर बसलेला मुलगा आठ गुणिले आठच्या चौकटीत अक्षर काढतो, ही दोन कामे एकच आहेत. तेव्हा दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा म्हणून जे तुम्ही हिणविलेत, त्याचे मूळ सूत आपल्या ओळखीचे होते. कमी पडले ते ओळख करून देणारे शिक्षक.

संशयी : उपमा सुरेख आहे, आणि सुरेख उपमांचीच मला भीती वाटते, कारण त्या वादीला वकील न लावता खटला जिंकून देतात. विणकराचे उदाहरण तुम्ही काढलेत, तर या गावाचा दुसरा धंदाही काढा. विलायतेत आणि अमेरिकेत अंगावरून उतरलेले लोकरी कोट, स्वेटर, शाली यांचे गठ्ठे कांडला बंदरात उतरतात आणि येथे येतात; बायका रंगवार निवड करतात, गुंड्या आणि साखळ्या काढून घेतात, यंत्रे त्या कापडाचा पिंजून कापूस करतात, त्याचे सूत निघते आणि सुतापासून घोंगडी विणली जातात, ती पुढे गोरगरिबांना आणि आपत्तीत सापडलेल्यांना ऊब देतात. हासुद्धा परक्याच्या टाकलेल्या मालाचाच व्यापार आहे. पण फरक पाहा. येथला कारागीर त्या कोटाची शिवण उसवितो. धाग्यापर्यंत जातो. कोटाचा कोट म्हणून त्याला काडीचा मोह नसतो, आणि म्हणूनच त्यातून जे निघते ते पानिपतचे असते. आपण बीबीसी मायक्रोची शिवण उसविली का? आपण तो कोट जसाच्या तसा इस्त्री करून, आतल्या बाजूला आपल्या नावाची चिठ्ठी टाचून शाळांना वाटला. ज्या साली आपण तो घालू लागलो त्या सालापर्यंत विलायतेत त्याची फॅशन उतरणीला लागलेली होती. १९८५ साली एकॉर्न इतकी डबघाईस आली की इटलीच्या ऑलिव्हेट्टीने तिचा ताबा घेतला.

अनुरागी : १९८५ हे साल काढलेत हे बरे झाले, कारण मला नेमके तेच हवे होते. त्याच वर्षी, एप्रिलच्या २६ तारखेस, त्याच डबघाईस आलेल्या कंपनीत एक नवा प्रोसेसर प्रथम हाती आला व चालला. त्याचे नाव एआरएम. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी तो योजिला, आणि त्याचे सूचनासूत्र नीट चालते की नाही याची पहिली तालीम विल्सनने घेतली ती बीबीसी मायक्रोच्याच ‘बेसिक’मध्ये. तयार झालेला प्रोसेसर जोडून पाहिला तोही बीबीसी मायक्रोच्याच अंगाला, त्याच्या जोडप्रोसेसराच्या द्वारातून. म्हणजे ज्याला तुम्ही उतरणीला लागलेला कोट म्हणता, त्याच्या खिशात हे बीज होते. आज तुमच्या हातातला दूरध्वनी, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, त्याच कुळातल्या प्रोसेसरावर चालतो. बाजारात आयबीएमचे यंत्र जिंकले हे खरे. पण त्या यंत्राचे वंशज आज मेजावर बसून आहेत आणि हरलेल्याचे वंशज जगाच्या खिशात गेले आहेत. अब्दालीही जिंकला होता, आणि जिंकून परत गेला. दिल्ली त्याला धरता आली नाही. लढाईच्या सायंकाळी कोण उभा आणि कोण आडवा एवढ्यावरून जर इतिहास ठरला असता, तर बखरकारांना दुसऱ्या दिवशीच लेखणी ठेवता आली असती.

संशयी : आता मात्र तुम्ही माझ्या हाती शस्त्र दिलेत. एआरएम जन्मला कोठे? केंब्रिजमध्ये. ज्या हातांनी बीबीसी मायक्रो घडविला त्याच हातांनी तोही घडविला, कारण पहिल्याच्या उणिवा त्यांच्या बोटांना ठाऊक होत्या. मोहालीच्या नकलेला त्या वंशात वाटा मागण्याचा अधिकार कसला? दत्तकपत्र तरी दाखवा! २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचे स्वस्त यंत्र निघाले, आणि त्याच्या प्रकारांना ‘ए’ व ‘बी’ ही नावे मुद्दाम बीबीसी मायक्रोची आठवण म्हणून दिली गेली, तेही केंब्रिजमध्येच. घराणे चालू आहे, पण ते त्यांचे. तुम्ही १७६१ सांगितलेत, मी तुम्हांला त्यापुढची चाळीस वर्षे सांगतो. पानिपतातून लंगडत निसटलेल्या महादजी शिंद्यांनी धडा घेतला. १७८४ पासून द बॉयनला हाताशी धरून त्यांनी युरोपीय कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या आणि आग्र्यात तोफांचे कारखाने चालविले, ते इतके सरस की उत्तर हिंदुस्थानात त्यांच्यासमोर टिकणारा कोणी उरला नाही. परंतु १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा काय झाले? द बॉयनच्या जागी आलेला पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, पलटणींतले कितीएक गोरे अंमलदार गव्हर्नर जनरलचा जाहीरनामा ऐकून निघून गेले. तोफा शिंद्यांच्या होत्या, शिपाई शिंद्यांचे होते, ते शेवटपर्यंत लढलेही. पण विद्येची किल्ली ज्यांच्या कमरेला होती ते चालते झाले. उसन्या विद्येचा हा स्वभावच आहे.

अनुरागी : हा दृष्टान्त मला लागला, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तरी त्यातले एक पान तुम्ही उलटून गेलात. शिपाई शेवटपर्यंत लढले असे तुम्हीच म्हणालात. लासवारीला आणि असईला ज्यांनी इंग्रजांचा घाम काढला ते गोरे अंमलदार नव्हते, उसन्या विद्येत तयार झालेले इथलेच लोक होते. त्यांना आणखी वीस वर्षे मिळती तर किल्ली कोणाच्या कमरेला असती हे सांगता येत नाही. मोहालीलाही नेमकी हीच वीस वर्षे मिळाली नाहीत. तो कारखाना १९८४ साली अमेरिकन तंत्र घेऊन पाच मायक्रॉनच्या रेषेवर सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत ०.८ मायक्रॉनपर्यंत आला. जगाच्या तुलनेत हे अंतर तेव्हा हाताच्या टप्प्यातले होते. मग १९८९ च्या फेब्रुवारीत तेथे आग लागली. पुन्हा उभे राहीपर्यंत जग कोठल्या कोठे गेले. म्हणून माझे म्हणणे असे की युनिकॉर्नला नक्कल म्हणून निकालात काढताना ती नक्कल कोण करीत होते हेही पाहावे: वखारीतला कारकून नव्हे, सिलिकॉनवर स्वतः रेघा ओढू शकणारा कारखाना. विद्यार्थी प्रथम गुरूची अक्षरे गिरवितो. गिरवण्याच्या पाटीवरच त्याला जोखून चालत नाही.

संशयी : पण गिरविणारा कोण आणि पाटी कोणाची हे तर ठरवा! तोच कारखाना पुढे अंतराळ विभागाकडे गेला, तेथे इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी ‘विक्रम’ प्रोसेसर घडले, २०२५ च्या सप्टेंबरात ३२ बिटांचा विक्रम दिल्लीत मिरविलाही गेला, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. त्या विक्रमात युनिकॉर्नचे रक्त किती? शून्य. तो अग्निबाणाच्या गरजेतून आला, शाळेच्या खोलीतून नव्हे. म्हणजे कारखाना शिकला असेल, पण या यंत्रापासून शिकला नाही. मुले शिकली असतील, पण या कारखान्यापासून नव्हे. दोन वाटा शेजारून गेल्या आणि त्यांची गाठ पडली नाही. दिल्लीत ठराव करणारे खाते आणि मोहालीत यंत्र करणारा कारखाना, यांच्यामधला रस्ता याच गावावरून जातो. इकडे नव्वद किलोमीटर, तिकडे चंदिगडपर्यंत एकशे साठ. त्या रस्त्याने खलिते गेले, खोकी आली. मुलगा कधी गेला का? ज्या मुलाने शिरोरेषेचा आकडा शोधून काढला, त्याला कोणी बसमध्ये बसवून मोहालीस नेले आणि म्हटले का, की बाळ, ही वाळू, हा तिचा काचेसारखा तुकडा, आणि तुझे २५५ येथे राहतात? केंब्रिजमध्ये हे अंतर एका गल्लीचे होते. माझा आक्षेप आता यंत्राच्या अल्पायुष्यावर राहिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

अनुरागी : आले, आणि माझाही आग्रह मूळ ठिकाणी राहिलेला नाही. मी युनिकॉर्नचे स्थान मागत होतो ते एका यशाचे स्थान म्हणून. आता वाटते की ते एका सांध्याचे आहे, जो जुळता जुळता राहिला. शाळा, कारखाना आणि घर, या तिन्हींना एकाच यंत्राने शिवण्याचा या देशातला तो प्रारंभीचा प्रयत्न. आणि तिसरा शब्द तर आपण अद्याप उच्चारलाच नाही. विलायतेत त्याचे नाव घरगुती संगणक. तेथे मूल रात्री दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीला ते जोडून चुका करीत बसे, आणि चूक करायला तेथे कोणाची परवानगी लागत नसे. आपल्याकडे त्याच्या पुढचा ‘घरगुती’ शब्द विमानतळावरच उतरून गेला. पुढे डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरचे स्पेक्ट्रम प्लस परवान्याने येथे बनविले, ते काही घरांत पोहोचले आणि त्या घरांतली मुले आजही त्याच्याविषयी बोलताना हळवी होतात. ते यंत्र अधिक चांगले होते म्हणून नव्हे, त्याची किल्ली त्यांच्या खणात होती म्हणून.

संशयी : म्हणजे चपला.

अनुरागी : होय, शेवटी चपलाच. पण एक शंका माझ्या मनात उरते, ती तुमच्या बाजूचीही नाही आणि माझ्याही नाही. खोलीबाहेर चपला काढणाऱ्या त्या शेकडो मुलांपैकी एखाद्याने, गुरुजींची पाठ वळल्यावर, दोन ओळी स्वतःच्या टाइप केल्या असतील, आणि त्या चालल्या असतील. असल्या क्षणाची नोंद ना दफ्तरात होते ना बखरीत. त्याला इतिहास म्हणायचे की नाही?

संशयी : तो क्षण मी नाकारणार नाही; माझ्या वर्गात तो घडला आणि मी कानाडोळा केला, एवढे सांगतो. तरीही एका क्षणावरून घराणे सिद्ध होत नाही. मला पुरावा हवा, आणि तो हळवेपणात मिळणार नाही, यंत्राच्या पोटात मिळेल. झाकण उघडल्यावर त्या हिरव्या फळीवरच्या चिपांवर कोणकोणत्या देशांची, कोणकोणत्या कारखान्यांची नावे छापली आहेत, हे वाचल्यावाचून ते यंत्र आपले किती आणि परके किती हा वाद आपण हवेत घालीत आहोत. दिल्लीच्या सीलमपूरचे भंगारवाले सोन्याच्या कणांसाठी फळ्या फोडतात, अक्षरे वाचीत नाहीत.

अनुरागी : तर मग हे बोलणे वाचणाऱ्यांनाच सांगू या. तुमच्या गावच्या जुन्या शाळेच्या माळ्यावर, प्रयोगशाळेच्या कपाटामागे, तपकिरी अभ्रा घातलेले, तांबड्या कळांची एक ओळ असलेले असे एखादे यंत्र अजून पडून असेल, तर ते गाडीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी चार मळसूत्रे काढा, झाकण उघडा, आणि आतल्या प्रत्येक चिपेवरची अक्षरे एका कागदावर उतरवून घ्या.

संशयी : आणि ते काम एखाद्या मुलाला करू द्या.